विचारा की ओ : परदेशातला शेजार

मागच्या अंकात परदेशी जाताना बॅगेत काय भरायचं यावर लिहिलं होतं, तर पत्रं आली ती बॅगेवर कमी आणि शेजाऱ्यांवर जास्त. कुणाची लेक तिकडं, कुणाचा मुलगा, कुणी स्वतःच. घर लागलं, गॅस सुरू झाला, नेट आलं, पण दारावर कुणी आलंच नाही, किंवा आलं आणि आपण पुढं काय करायचं ते कळेना, असं सगळ्यांचं दुखणं. म्हणून यावेळी अख्खा कॉलम शेजाऱ्यांना देऊन टाकलाय. पत्रं जागेसाठी थोडी कापलीत आणि नावं अर्थातच काढलीत.

ताई, नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहते. मागच्या वर्षी मुलीचं लग्न झालं, जावई जपानमध्ये सॉफ्टवेअरला आहेत, टोकियोच्या बाजूला अपार्टमेंटमध्ये घर घेतलंय भाड्यानं. ती गेल्यापासून एकाही शेजाऱ्यानं दार वाजवलं नाही. आपल्याकडं नवीन बिऱ्हाड आलं की सामान उतरायच्या आत समोरून चहा येतो, पाणी कुठल्या दिवशी येतं, दूधवाला कोण, सगळं सांगतात. पोरगी फोनवर रडलाली, म्हणते आई आम्ही इथं कुणाला नकोच आहे. काही दिवस परत बोलवून घेऊ का? – एक आई

अहो परत बोलवू नका, आधी टॉवेल पाठवा. चेष्टा नाही करत, खरंच.

तुमच्या मुलीचा आणि तिच्या शेजाऱ्यांचा दोघांचाही एकच घोळ झालाय, दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत. आपल्याकडं जुन्यानं नव्याकडं जायचं असतं, जपानमध्ये बरोब्बर उलटं, जो नवीन राहायला आला त्यानं स्वतः आजूबाजूला जाऊन दार वाजवायचं, आम्ही अमुक नंबरात आलोय, सांभाळून घ्या एवढं बोलायचं आणि हातात काहीतरी छोटं द्यायचं. जुना हिशोब समोरची तीन घरं आणि दोन्ही बाजूंची दोन असा आहे, अपार्टमेंट असेल तर डावं, उजवं, वरचं, खालचं. खालचं विसरायचं नाही कारण तुमच्या पायांचा आवाज त्यांच्याच डोक्यावर होणार आहे. म्हणजे शेजारच्या बाई कदाचित आतून म्हणत असतील की ही नवीन माणसं आली आणि एकदाही तोंड दाखवलं नाही बघा.

आता देतात काय तर ५०० ते १००० येनच्या आतलं, कपड्याचा साबण, बिस्किटाचा पुडा असलं काहीतरी, आणि त्यात सगळ्यात जुनी चालत आलेली वस्तू म्हणजे टॉवेल, कारण तो खराब होत नाही, आवडीनिवडीचा प्रश्न नाही आणि घेणाऱ्याला ओझं वाटत नाही. आणि तुम्ही राहता कुठं तर सोलापुरात! आपल्या चादरीला जीआय मानांकन आहे तसं टेरी टॉवेललापण आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. मोठा अंघोळीचा पंचा नको, तोंड पुसायच्या साईजचा, पांढरा किंवा फिक्या रंगाचा, काठाला थोडं विणकाम असलेला बघून घ्या, भडक लाल-हिरवा मोराचा नको. एका घराला एक पुरे, दोन दिलेत तरी चालेल, पण चार देऊ नका कारण चार हा आकडा तिकडं अशुभ धरतात, त्याचा उच्चार मरणासारखा होतो. वर साधा कागद गुंडाळायचा आणि त्यावर आडनाव जपानी अक्षरात लिहायचं, जावयांच्या ऑफिसातलं कुणीही लिहून देईल, म्हणजे त्यांना हाक कशी मारायची ते कळतं. आपली आडनावं त्यांच्या तोंडात बसायला वेळ लागतो हो.

जायचं कधी तर खरं पहिल्या आठवड्यातच, पण आता उशीर झालाय तर झालाय, उशीर झाला माफ करा हे एक वाक्य वाढवायचं, बिघडत नाही. शनिवार-रविवार बघून सकाळी दहा-अकरानंतर आणि अंधार पडायच्या आधी, जेवणाची वेळ टाळून, आणि दोघांनी मिळून जायचं. शहरात एकटी राहणारी मुलगी असेल तर तिकडचेच लोक सांगतात की असं दारोदार जाऊन मी एकटी आहे हे जाहीर करू नको, तेव्हा ज्यांच्या मुली शिकायला एकट्या गेल्यात त्यांनी माझं हे वाचून लगेच टॉवेल पाठवू नयेत, त्यांनी घरमालक किंवा एजंटला विचारून मगच ठरवावं. आणि हल्ली मोठ्या शहरात ही पद्धत बरीच कमी झालीय, काही घरं दारच उघडणार नाहीत, बेलच्या स्पीकरवरूनच थँक्यू म्हणतील. एकदोनदा जाऊन कुणी भेटलं नाही तर चिठ्ठीसकट टपालपेटीत टाकून यायचं आणि विषय सोडून द्यायचा.

एक गोष्ट मात्र मुलीला आधीच सांगून ठेवा नाहीतर परत रडेल. आत या कुणी म्हणणार नाही. सगळं दारातच होतं, उभ्या उभ्या, मिनिटभरात, दोन्हीकडून वाकून नमस्कार आणि दार बंद. आपल्याला वाटतं तोंडावर दार लावलं, पण त्यांच्या लेखी तेवढ्यात ओळख झाली, उद्यापासून लिफ्टमध्ये मान हलवतील, आणि काही दिवसांनी उलट तेच काहीतरी परत आणून देतील, फळं म्हणा, गावाहून आणलेली मिठाई म्हणा, तेव्हा त्यावर परत आपण दुप्पट द्यायचं असं करत बसू नका, आपल्या हळदीकुंकवाच्या वाणासारखी चढाओढ लागेल.

टॉवेल झाला, पण खरा पेपर पुढं आहे आणि तो कचऱ्याचा. जळणारा कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या-डबे वेगळे, प्रत्येकाचा वार ठरलेला, सकाळी ठराविक वेळेच्या आत ठरलेल्या जागी, काही गावांत तर पालिकेचीच पिशवी लागते, आणि वर कावळ्यांसाठी जाळी टाकायची असते ती नीट परत टाकायची. चुकीच्या दिवशी पिशवी ठेवली तर गाडीवाले त्यावर स्टिकर लावून तिथंच सोडून जातात आणि मग पूर्ण बिल्डिंगला कळतं कुणाची ती. परदेशी माणसाबद्दल शेजाऱ्यांचं मत बनतं ते त्या जाळीपाशी बनतं, टॉवेलनं फक्त दार उघडतं. ज्या दिवशी समोरच्या आजी स्वतः येऊन हाताच्या खुणांनी बाटलीचं बूच वेगळं काढ म्हणून शिकवतील त्या दिवशी समजायचं स्वागत झालं, रागावल्या म्हणून फोन करू नको म्हणावं.

मोहल्ल्याची एक संघटना असते बऱ्याच ठिकाणी, थोडी वर्गणी असते, ती भरावी. त्यांच्या सूचनांचं एक पॅड घरोघर फिरतं, वाचून सही करून पुढच्या घरी द्यायचं असतं. ते आपल्या घरी अडकलं की पुढच्या सगळ्यांचं अडतं, आणि तेच पुढच्या दारात नेऊन देणं हे बोलायचं आयतं निमित्त आहे, भाषा येत नसली तरी. सप्टेंबरच्या १ तारखेच्या आसपास भूकंपाचा सराव घेतात, १९२३ च्या मोठ्या भूकंपाची ती तारीख, त्याला दोघांनी नक्की जावं, तिथं सगळे घराबाहेर येतात आणि बादल्या एकमेकांच्या हातात देताना बोलणं होतंच. आणि पालिकेकडं चौकशी करायला सांगा, पुष्कळ गावांत स्वयंसेवक मंडळी फुकट किंवा नाममात्र पैशात जपानी शिकवतात, त्या वर्गात तुमच्या मुलीसारख्या अजून चार जणी भेटतील, व्हिएतनामच्या, नेपाळच्या. मिक्सर न्यायचा विचार असेल तर राहू द्या, तिकडं १०० व्होल्ट वीज आहे, आपला मिक्सर नीट फिरणार नाही आणि फिरला तर सकाळी सहाला खालचे लोक उठतील.

आणि राग मानू नका, पण रोज दोन-दोन तास व्हिडिओ कॉल चालत असेल तर तो जरा कमी करा. ती घरात तुमच्याशी बोलत बसली तर बाहेर पडणार कधी?

मी मूळची नवी पेठेतली, आता नवऱ्याच्या नोकरीमुळं जर्मनीत श्टुटगार्टला. राहायला आलो त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या, लाकडी पाटावर आख्खा ब्रेड, शेजारी मिठाचं छोटं पाकीट, वर पांढरं फडकं. मी चहा विचारला तर नको म्हणाल्या, हसल्या, गेल्या. मला इतकं भरून आलं की काय सांगू. प्रश्न असा की तो पाट परत द्यायचा का, आणि रिकामा कसा देऊ, आईनं कधी रिकामं भांडं परत दिलेलं बघितलं नाही. दुसरं म्हणजे परवा आमच्या दाराच्या कडीला कुणीतरी एक पाटी अडकवून गेलंय, मला भीती वाटतेय आमची तक्रार झाली की काय. – श्टुटगार्टची सोलापूरकर

पाटीपासून सुरू करते कारण तिची भीती घालवली पाहिजे. तक्रार नाही, झाडू आहे. तुम्ही ज्या भागात आहात तो श्वाबेन, तिथं बिल्डिंगचा जिना, पायऱ्या, कधी बाहेरचा रस्ता झाडायची पाळी आठवड्याआठवड्यानं प्रत्येक घरावर येते आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला ती पाटी लागते. आठवडाभरात जिना झाडून पुसून घ्यायचा आणि मग पाटी पुढच्या दाराला अडकवायची, झालं. पाणी मारून धुवायचं नाही हां आपल्यासारखं, सडा घालायला जाल तर आजी घसरतील. काही बिल्डिंगमध्ये या कामाला माणूस ठेवलेला असतो पण तुमच्या दाराला पाटी आली म्हणजे तुम्हाला धरलंय घरातलं. आणि मन लावून करा, मी त्या देशात काही वर्षं काढलीत, खिडकीच्या पडद्यामागून बघतात सगळे, जिना कोण कसा झाडतं त्यावर पुढची दहा वर्षं ठरतात.

ब्रेड आणि मीठ हा तिकडचा नव्या घरासाठीचा जुना शकुन, या घरात अन्नाला कमी पडू नये म्हणून. जुन्या पद्धतीची माणसं अजून आणतात, तरुण लोक वाईन किंवा कुंडी आणतात. खरं तर जर्मनीतपण नवीन आलेल्यानंच बेल वाजवून ओळख करून द्यावी असं धरतात, म्हणजे आजी तुमच्याआधी आल्या हे त्यांनी विशेष केलंय, बाकीच्या घरांत मात्र तुम्ही जाऊन या. बेलच्या पाटीवर आडनाव लावलं ना? तिकडं फ्लॅट नंबरावर काही चालत नाही, नाव नसेल तर पोस्टमनपण परत जातो. आणि पार्सल आलं, तुम्ही घरी नसलात, तर तो ते शेजाऱ्याकडं ठेवून तुमच्या पेटीत चिठ्ठी टाकतो, मग ते आणायला जायचं, त्यांचं आलं तर आपण ठेवून घ्यायचं. निम्म्या ओळखी मी अशा पार्सलवर केल्यात.

पाट. कधी तो भेटीचाच भाग असतो, कधी नुसता आणायला घेतलेला असतो, ओळखायची एकच रीत, स्वच्छ पुसून घेऊन जा आणि विचारा. आणि आईचं बरोबर आहे, रिकामा नको. त्यावर काय ठेवायचं, तर ज्यांनी ब्रेड दिला त्यांना आपली कडक भाकरी! बाजरीची नाहीतर ज्वारीची, पातळ, पापडासारखी कुरकुरीत, टिकते महिनाभर, प्रवासात मोडली तरी चालते. लोणी लावून खा म्हणून सांगा, जर्मन माणसाला धान्याच्या कडक चकत्या नवीन नाहीत, ते आवडीनं खातात. शेंगा चटणी मात्र लगेच पाटावर ठेवू नका, मला माहितीये तुमचा हात तिच्याकडंच गेला असणार, पण शेंगदाण्याची ॲलर्जी तिकडं काही जणांना असते आणि ती साधी नसते, जीवावर बेतते. आधी विचारा, चालत असेल तर लहान बरणीत द्या, वर चिठ्ठीवर शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ असं लिहून, आणि तिखट आहे हे दोनदा सांगा, कारण ते एकदा सांगितलेलं खरं मानत नाहीत. पेढे वगैरे इथून मागवू नका, युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशातून सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. तिथल्या दुधाचे घरी करा.

चहा नाकारला म्हणून मनाला लावून घेऊ नका. न ठरवता आत येऊन बसणं त्यांना अवघड जातं. कागदावर वार आणि वेळ लिहून बोलवा, रविवारी दुपारी चारला कॉफी आणि केक, आणि चारला म्हणजे चारला, तोपर्यंत टेबल मांडलेलं पाहिजे. रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, ड्रिल लावायचं नाही, काचेच्या बाटल्यापण त्या दिवशी टाकायला जायचं नाही, आणि रात्री दहानंतर सकाळी सहापर्यंत आवाज नाही. आजींचा वाढदिवस कळला तर आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन धरतात. मे महिन्याच्या शेवटाला बऱ्याच शहरांत शेजाऱ्यांचा दिवस करतात, १९९९ मध्ये पॅरिसला सुरू झाला आणि तिथून सगळीकडं पसरला, अंगणात टेबलं लावून जो तो घरून काहीतरी करून आणतो. तेव्हा मुगाचे नाहीतर बटाट्याचे कटलेट करून न्या, संपतात.

तुमचा कॉलम वाचतो. एवढं शिकून परदेशी जायचं आणि तिथं शेजारी बोलत नाहीत म्हणून रडायचं, याला काय अर्थ आहे? आमच्या साखर पेठेत वाड्यात दार कधी लावलं नाही. मला वाटतं ती माणसंच कोरडी. – एक ज्येष्ठ वाचक

काका, वाड्याचं खरं आहे तुमचं, पण वाड्यात नवीन कोण येत होतं ते पण आठवा जरा. नात्यातलं, गावातलं, ओळखीतून आलेलं बिऱ्हाड. खरा नवखा माणूस, ज्याची भाषा वेगळी, जेवण वेगळं, तो आला की सोलापूरनं काय केलं ते बघायचं तर पूर्व भागात जावं लागतं. तेलंगणातून पद्मशाली विणकर मंडळी एकोणिसाव्या शतकापासून इथं येत गेली, १८७७ ला पहिली गिरणी निघाल्यावर तर आणखीच, आणि आली तशी ती सगळी एकमेकांच्या आधारानं एकाच बाजूला राहिली, कारण पहिला चहा आपल्याच माणसाकडून येतो. पुढं त्यांच्या तेलुगू शाळा झाल्या, आणि आज तुम्ही-आम्ही भाजी घेताना एका वाक्यात मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही बोलतो आणि आपल्याला कळतपण नाही. पण हे एका चहात झालेलं नाही, पिढ्या गेल्यात. आणि आजही भाड्यानं घर बघायला गेलं की आपल्याकडं पहिला प्रश्न आडनावाचा असतो, दुसरा घरात काय शिजतं त्याचा, हे मी सांगायला नको. तेव्हा कोरडेपणाचा शिक्का मारताना जरा हात आखडता घ्या.

आणि सोलापूरच्याच माणसाचं उदाहरण देते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म इथला, १९१० चा. १९३८ ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेले, बाकीचे परत आले, हे राहिले. चिनी शिकले, तिथल्याच नर्सशी लग्न केलं, मुलगा झाला आणि १९४२ ला वयाच्या ३२व्या वर्षी तिथंच गेले. नंतर कितीतरी वर्षं चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या घरच्यांना आवर्जून भेटायचे. परक्या माणसाला एवढं आपलं मानणारे लोकपण परदेशीच होते ना काका. आता प्रत्येकानं एवढं मोठं काम करावं असं नाही, पण भाषा शिकायला काय हरकत आहे. ती रडणारी पोरगी रडून झालं की क्लासला जाईल, तुम्ही बघा.

मी सहा महिन्यांसाठी मुलाकडं कॅनडाला चाललेय. इंग्रजी जेमतेम. मुलगा म्हणतो आम्ही आलो तेव्हा शेजारी केक घेऊन आले होते, आपण एकदा जेवूया म्हणाले, नंतर काहीच नाही. मी जाऊन बोलवू का त्यांना? – होटगी रोडहून

जरूर बोलवा, पण एकदा जेवूया हे त्यांचं वाक्य आमंत्रण म्हणून धरू नका, आपण नाही का रस्त्यात भेटलं की या की ओ एकदा घरी म्हणतो आणि पत्ता सांगत नाही. तारीख मुलाला ठरवू द्या आणि जेवण साधं ठेवा, वरण, भात, बटाट्याची भाजी, पुरी. तिखट वेगळं काढून.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत इंग्रजी बोलायचा सराव करायला लोक गोल करून बसतात, पैसे लागत नाहीत, तुमच्या वयाचे पुष्कळ असतात, मुलाला चौकशी करून ठेवायला सांगा. हिवाळ्यात असाल तर बघा, घरापुढच्या फुटपाथवरचा बर्फ ज्यानं त्यानं काढायचा असा बऱ्याच शहरांत नियम आहे आणि शेजारी कधीकधी आपलाही काढून टाकतात, न सांगता. मग पुढच्या वेळी मुलानं त्यांचा काढायचा, असं ते चालतं. तुम्ही स्वतः फावडं घेऊन बाहेर पडू नका, घसरून कमरेचं हाड गेलं तर तिकडचा दवाखाना परवडत नाही, प्रवासी विमा काढलाय का तेपण बघा आधी.

ऑक्टोबरात गेलात तर ३१ तारखेला संध्याकाळी पोरं भुताखेतांचे कपडे घालून दारोदार गोळ्या मागत फिरतात. दारावरचा दिवा लावून ठेवला म्हणजे या, बंद ठेवला म्हणजे येऊ नका. दिवा लावा, दारात खुर्ची टाकून बसा, सगळी गल्ली आईबापांसकट तुमच्यासमोरून जाईल, इंग्रजीची गरजच पडत नाही. गोळ्या दुकानातल्या बंद पाकिटातल्याच घ्या, घरचा लाडू कितीही चांगला झाला तरी देऊ नका, आईबाप टाकून देतात, आणि इथून शेंगदाण्याची चिक्की नेणार असाल तर ती मुलासाठी ठेवा, त्या परातीत मिसळू नका.